मेसाईचं वारं

“बाई, पुढच्या भेटीला येताना एक नारळ आणा,” ढोबळे हवालदार म्हणाले. “आन जमलं तर चार लिंबं.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी एसटीत कंडक्टर, ड्युटी संपवून तशीच खाकीत आलेले. खाकीला खाकी दिसली की पोलीस थोडी गंमत करायचेच. पण ढोबळ्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. झडती घेतलेली माझी पिशवी त्यांनी दोन्ही हातांनी परत दिली. तुरुंगाच्या दारात कैद्याच्या माणसाला कुणी दोन्ही हातांनी काही देत नाही.

“नारळ कशाला?”

“तुमच्या भावाच्या अंगात येतं न्हवं. मेसाईचं वारं. लई कडक वारं हाय. परवा आलं तर सगळी कोठडी हात जोडून हुबी.”

मेसाई म्हणजे आमच्या भागातली देवी. पण आमच्या घरात कुणाच्या अंगात कधी आलं नव्हतं. माझ्या भावाला, बिभीषणला, यायची ती फीट. सहा वर्षांचा असल्यापासून. सोलापूरच्या डॉक्टरांच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळ घेतल्या की सहा सहा महिने काही होत नसे. एक दिवस चुकल्या की संपलं.

आणि त्या गोळ्या मी महिन्याभरापूर्वी याच दारात दिल्या होत्या.

एका वरातीत हाणामारी झाली होती. एकाचं डोकं फुटलं, तो दवाखान्यात पडून होता, आणि तक्रारीत जी नावं आली त्यांत बिभीषणचंही आलं. जखमी बरा होईपर्यंत कुणालाच जामीन नाही. म्हणून ही सगळी मंडळी तालुक्याच्या दुय्यम कारागृहात. नाव मोठं, पण तहसील कचेरीच्या मागे चार कोठड्या, एक अंगण आणि अंगणात पाण्याचा हौद, एवढंच ते. मालकी तहसीलदारांची, पहारा पोलिसांचा, आणि कुणी आजारी पडलं तर ग्रामीण रुग्णालयाचा डॉक्टर. तिघांत मिळून एक जबाबदार माणूस सापडेल तर शपथ.

बिभीषण जाळीपलीकडे आला. कपाळावर मळवट भरलेला. गळ्यात दोऱ्यात ओवलेलं लिंबू. जाळी इतकी बारीक की बोटसुद्धा जात नव्हतं.

“हे काय रे सोंग?”

“हळू बोल, आक्का.” त्यानं मागं पाहिलं. “आल्यावर पयल्याच आठवड्यात आली फीट. शुद्धीवर आलो तर आण्णा पायाशी बसलेला.”

आण्णा म्हणजे त्या कोठडीचा दादा. खुनाच्या केसमधला. नव्या माणसाला पहिल्या दिवशी तो कोपऱ्यात घेऊन काय करतो, हे मी बसमध्येच एका सुटून आलेल्याकडून ऐकलं होतं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली होती.

“तुला मारलं का त्यानं?”

“न्हाई. त्यानंच सांगितलं सगळ्यांना, ह्येच्यात आई हाय म्हणून. आता मला खिडकीजवळची जागा. भाजी आधी मला. कुनी वाकडं बोलत न्हाई.”

“आणि गोळ्या?”

“त्या कचेरीत जमा हायत म्हणं. डॉक्टर बघंल, मग लिहून दील, मग मिळंल. डॉक्टर येतो, दारात हुबा ऱ्हातो, कुनाला काय होतंय का इचारतो. मी हात वर केला तर आण्णा म्हनला, ह्यांना कसलं औषध, ह्ये देवाचं मानूस. डॉक्टर हसला आन गेला.”

“मी आज कचेरीत जाते. अर्ज देते.”

“नगं आक्का!” तो जाळीला चिकटलाच. “तू जाऊन सांगशील फीट हाय म्हणून, आन ह्यांना कळलं आई-बिई काय न्हाई, तर आण्णा मला जित्ता ठेवंल का? फसवलं म्हनंल. राहू दे हाय तसं. दोन मयन्यांचा प्रश्न हाय.”

मी घरी आले. अर्ज दिला नाही. ज्या खोट्यानं त्याचा मार चुकवला होता तेच मोडायचं माझं धाडस झालं नाही.

पुढच्या भेटीला तो आला तेव्हा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता, ओठ सुजलेला, आणि बोलताना जीभ अडखळत होती. त्यानं मागं पाहिलं नाही. हळू बोल म्हणाला नाही.

“आक्का, मला बाहेर काढ. न्हाईतर गोळ्या दे. काय बी कर.”

“काय झालं?”

“हौदावर कपडे धूत व्हतो. तिथंच आली. तोंड पाण्यात.” त्याला दम लागला. “आक्का, मला कुनी बाहेर काढलं न्हाई. सगळी हुबी व्हती. हात जोडून. वाऱ्याला हात लावत न्हाईत ना. शिवलं तर आई कोपती. मी आपोआप उलटा झालो म्हनून वाचलो, असं एक जन नंतर हसत सांगत व्हता. आई पाण्याशी खेळली म्हनला.”

मी जाळीवर पंजा टेकवला. बोटही पलीकडे जाईना.

“मला कुनी हात लावत न्हाई, आक्का,” तो म्हणाला. एवढा तिशीचा बाप्या, पण आवाज तोच होता, लहानपणी फीट येऊन गेल्यावर पांघरुणातून यायचा तो.

तेव्हा आई शेतावर असायची आणि सांभाळायला मी एकटी. त्याला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी द्यायचं, तोंड पुसायचं, ओली चड्डी बदलायची. शुद्धीवर आला की तो पहिला प्रश्न विचारायचा, “आक्का, मी कसा दिसतो गं?” शाळेतली पोरं त्याला बघून पळाली होती, त्यामुळे त्याला ते जाणून घ्यायचंच होतं. मी सांगायचे, “झोपल्यासारखा दिसतोस.” दर वेळी तेच. त्याचाही त्यावर विश्वास बसला होता.

त्या दिवसापासून मी कचेरीच्या पायऱ्या झिजवायला सुरुवात केली. तुरुंगाचं काम बघणारा कारकून म्हणाला, गोळ्या आमच्याकडे सुरक्षित आहेत. जणू मी दागिने ठेवायला दिले होते. देऊन टाका म्हटलं तर, डॉक्टरांचं पत्र आणा. डॉक्टर म्हणाले, कैद्याला तपासायला इकडे पाठवा, मग पत्र देतो. पाठवायला पोलीस लागतात. पोलीस म्हणाले, तहसीलदारांचा हुकूम आणा. तहसीलदार दौऱ्यावर. ते आले तेव्हा मी दारात उभी होते, अर्ज हातात घेऊन त्यांनी त्याच कारकुनाला हाक मारली आणि म्हणाले, “बघा हे काय आहे.” मी बसमध्ये तिकीट फाडताना माणसं परगावची नावं सांगायची आणि मला ऐकूच यायचं नाही. डोळ्यांपुढे हौद. फोन वाजला की उचलायच्या आधी नंबर वाचायचे. तुरुंगातून फोन येतो तो एकाच कारणासाठी, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

सरकारी मोफत वकील मिळाले होते, पडवळ म्हणून. सज्जन माणूस, पण कोर्टात उभं राहिलं की आवाज बसायचा.

“तारखेला आपण न्यायाधीशांपुढे अर्ज टाकू,” ते म्हणाले. “कारागृहाकडून अहवाल मागवतील. अहवालात फीटचा उल्लेख आला की काम झालं.”

“आणि नाही आला तर?”

पडवळांनी चष्मा पुसला. “तर मग ते म्हणतील, आरोपी बहाणे करतो.”

तारखेच्या दिवशी मी रजा टाकून कोर्टात गेले. रजा मिळाली नव्हती, तरी गेले. बिभीषणला घेऊन ढोबळेच आले होते. तुरुंगावर पहारा त्यांचा आणि कोर्टात आणणंही त्यांचंच. त्यांनी मला बघून मान लववली. माझ्या जिवाची घालमेल चाललेली आणि हा माणूस मला देवीच्या घरची समजून मान लववतोय.

बिभीषण आरोपींच्या कठड्यात उभा राहिला. कपाळ पुसलेलं होतं. तो माझ्याकडे एकसारखा बघत होता.

न्यायाधीश बाई होत्या, वयानं माझ्याएवढ्याच. पडवळांनी अर्ज दिला होता, त्यावर अहवाल आला होता. बाईंनी तो वाचून दाखवला. “सदर बंदीची प्रकृती ठीक असून त्याची वा इतर कोणाची त्याबाबत तक्रार नाही.” कागद खाली ठेवला. “वकीलसाहेब, यावर काय करायचं मी?”

पडवळ म्हणाले, “मॅडम, माझ्या अशिलाचं म्हणणं...” आणि पुढचं त्यांच्या घशातच राहिलं.

“पुढची तारीख घ्या.”

पुढची तारीख म्हणजे आणखी पंधरा दिवस. हौद तिथंच, आणि मध्ये पंधरा दिवस. मी बाकाची कड घट्ट धरली. तेवढ्यात कठड्यातून आवाज आला.

“हूंऽऽ... हूंऽऽ...”

बिभीषण घुमत होता. कमरेवर हात, डोकं गरागरा, पाय आपटणं, तोंडानं हुंकार. थेट मेसाईच्या जत्रेत बायामाणसं घुमतात तसं.

मी क्षणात ओळखलं. हे खोटं होतं. बिभीषण फीट आल्याचं सोंग करत होता. पण त्यानं आपली फीट आयुष्यात कधी पाहिलेली नव्हती. कशी पाहणार? कोठडीतल्यांनी सांगितलं, वारं येतं. आणि वारं त्यानं जत्रेत पाहिलेलं. म्हणून तो तेच करत होता. लहानपणी दर वेळी तो मला जे विचारायचा, ते खरं मी त्याला कधी सांगितलंच नव्हतं.

मागच्या बाकांवर कुणीतरी फिसकन हसलं. बाईंनी टेबलावर हात आपटला.

“काय तमाशा आहे हा? बाहेर न्या याला! आणि हे नोंदवून घ्या, आरोपीनं कोर्टात नाटक केलं म्हणून.”

ते एकदा कागदावर चढलं की संपलं. नंतर तो हौदात खरोखर बुडत असता तरी म्हणाले असते, नाटक आहे. मी कधी उठले, मधली फळी कशी ओलांडली, आठवत नाही. शिपाई “ओ बाई, ओ बाई” करत मागे. मी बिभीषणच्या दोन्ही खांद्यांना धरलं, सगळं वजन टाकून खाली ओढलं आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तोंड त्याच्या कानाशी नेलं.

“बिभ्या, आवाज बंद. अंग ताठ कर. डोळे उघडे ठेव. मिटू नको. माझ्याकडं बघू नको, वर बघ.”

त्यानं ऐकलं. लहानपणी ऐकायचा तसंच, एका शब्दात. अंग ताठ झालं, जबडा आवळला, डोळे सताड उघडे. मी त्याला कुशीवर वळवलं. काम वर्षानुवर्षांच्या सवयीचं, ते आपोआप होत गेलं.

“बाई, तुम्ही कोण? बाजूला व्हा,” न्यायाधीश म्हणाल्या.

“बहीण आहे मी याची.” हा माझा भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज होता. तो त्या दिवशी फाटला. “फीट येते साहेब याला! लहानपणापासून!”

“फीट अशी असते? आत्ता तर नाचत होता.” बाई उभ्या राहिल्या होत्या. आणि मग त्यांची नजर माझ्यावरून सरकली. “हवालदार! तुम्ही काय करताय?”

मी मान वळवली. ढोबळे हवालदार टोपी काखेत धरून, बूट काढून, मोज्यांवर उभे होते. डोळे मिटलेले, हात जोडलेले. ओठ हलत होते.

“हवालदार!”

ढोबळ्यांनी डोळे उघडले, पण हात सोडले नाहीत. “साहेब, आईचं वारं हाय. बाहेर न्यायचं कसं? हात लावता येत न्हाई.”

कोर्टात पुन्हा कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत.

“याआधी असं कधी झालं होतं?”

“लई वेळा, साहेब.”

“तुम्ही पाहिलंत? स्वतः?”

“व्हय. कोठडीत पडतो. कडक होतो, तोंडातनं फेस येतो, कपडं ओलं होत्यात. मग घटकाभर मेल्यावानी पडून ऱ्हातो. गेल्या तारखेला गाडीत बी आलं व्हतं. मी रस्त्यात उतरून नारळ फोडला.”

“आणि हा दात?”

“त्यो हौदावर पडला तवा. तोंड पाण्यात व्हतं साहेब. आमी सगळी हुबी व्हतो.”

“कुणी बाहेर काढलं नाही?”

ढोबळ्यांनी नकारार्थी मान हलवली. माझ्या मांडीवरच्या डोक्याला घाम सुटला होता.

बाईंनी तो अहवाल परत उचलला. “तुमच्याच कारागृहानं लिहून दिलंय, तक्रार नाही. तुम्ही तिथंच होतात. का नाही सांगितलंत?”

ढोबळे खरोखरच गोंधळले. त्यांना प्रश्नच कळला नसावा. “साहेब,” ते म्हणाले, “देवाची तक्रार कोन करनार?”

आता कुणी हसलं नाही. बाई कितीतरी वेळ ढोबळ्यांकडे बघत राहिल्या, मग बिभीषणकडे, मग माझ्याकडे. बिभीषणनं डोळे मिटले नव्हते. उघडे ठेवून ठेवून त्यांतून पाणी गालावर वाहत होतं. मला वाटलं, आता कळणार. आता म्हणणार, ऊठ. त्यांना काय कळलं आणि काय नाही, ते मला इतक्या वर्षांनीही सांगता येणार नाही.

“आत्ता, इथून, थेट ग्रामीण रुग्णालयात,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांनी तपासून उद्या सकाळी मला स्वतः येऊन सांगायचं. आणि हवालदारांनी आत्ता जे सांगितलं ते शब्द न् शब्द लिहून घ्या.”

पोलिसांच्या गाडीत मी खूश व्हायचं सोडून आणखीनच घाबरले. कोर्टाला एक वेळ फसवता येईल, डॉक्टरला कसं? आत्ताच फीट येऊन गेलेला माणूस असा टक्क जागा असतो का? तपासून म्हणाला, याला काही झालेलंच नाही, तर? बिभीषण माझ्या शेजारी पडला होता, मी कोर्टात सांगितलं तसे डोळे अजून सताड उघडे ठेवून.

डॉक्टर तरुण होता. तोच, दारात उभं राहून हसणारा. त्यानं बॅटरी मारून डोळे पाहिले, हात-पाय वाकवून पाहिले, आणि भुवया वर गेल्या. मी जीव मुठीत धरून उभी.

“तोंड उघड. जीभ बाहेर काढ.”

बिभीषणनं जीभ काढली. डॉक्टर वाकला. मग आणखी वाकला.

“हे आजचं नाही,” तो म्हणाला.

मी खाटेचा दांडा धरला.

“हे जुनं आहे. चावून भरलेलं, परत चावलेलं, परत भरलेलं. दोन्ही कडा फाटल्यात.” तो सरळ झाला. आवाज खाली आला होता. “कधीपासून गोळ्या बंद आहेत याच्या?”

“तुम्ही दारात उभे राहून विचारत होतात ना, कुणाला काही होतंय का,” मी म्हणाले. “तेव्हापासून.”

त्यानं स्वतः नर्सला हाक मारली, सुई मागवली आणि चिठ्ठी लिहायला बसला.

संध्याकाळी वॉर्डात आम्ही दोघंच होतो. बिभीषणच्या एका हाताला बेडी, बेडीचं दुसरं टोक खाटेला. दाराशी ढोबळे स्टुलावर बसलेले, आमच्याकडे पाठ करून. त्यांना कुणीतरी समजावलं होतं की हे वारं नाही, आजार आहे. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता. खाटेखाली त्यांनी गुपचूप एक लिंबू ठेवलं होतं ते मला दिसलं होतं. मीही ते राहू दिलं.

“आक्का,” बिभीषण कुजबुजला. “चुकलं व्हय माझं?”

“पार चुकलं. जत्रेत नाचायला गेल्यावानी केलंस, येड्या.”

त्याला हसू आलं, आणि जीभ दुखली म्हणून थांबलं. “मग खरं कसं असतंय? तू तर म्हनायचीस, झोपल्यावानी दिसतो.”

मी खिडकीकडे पाहिलं. आता आणखी एकदा तेच सांगता आलं असतं. पण त्याच खोट्यामुळे तो आज कोर्टात नाटकी ठरता ठरता राहिला होता.

मग मी सांगितलं. आधी एक किंकाळी येते, ती तुझी वाटतच नाही. मग उभ्याचा आडवा होतोस, हातसुद्धा टेकत नाहीस. तोंड वाकडं होतं. डोळे उघडे असतात, पण त्यांत तू नसतोस. ओठ निळे पडतात. श्वास थांबतो, आणि परत सुरू होईल की नाही, ते कळत नाही. फेस येतो, कधी रक्त. मग कपडे ओले होतात. मग घोरायला लागतोस, आणि तेव्हा कळतं की आजचं निभावलं.

तो छताकडे बघत पडून होता. मला वाटलं, रडेल. शरमेनं तोंड फिरवेल.

“आन तू ह्ये बघत व्हतीस?” तो म्हणाला. “एवढीशी असल्यापासून? एकटी?”

मी मान डोलावली.

“भ्या वाटायचं न्हाई तुला?”

“वाटायचं,” मी म्हणाले. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. “दर वेळी वाटायचं, बिभ्या. आज बी वाटलं.”

त्यानं मोकळा हात लांब केला आणि माझं मनगट धरलं. ढोबळे उठून, घसा खाकरून, भेटीची वेळ संपली म्हणाले, तरी त्यानं ते सोडलं नाही.